एका वाकड्या जंतूचा इतिहास

रोगजंतूंच्या शोधाचा इतिहास चाळू लागले म्हणजे एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. जंतू दिसणे आणि जंतू ओळखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला चांगले सूक्ष्मदर्शक यंत्र पुरते. दुसरीला कधी कधी जवळजवळ शंभर वर्षे लागतात. अर्धकच्च्या कोंबडीच्या मांसातून माणसाच्या पोटात शिरणाऱ्या एका जंतूच्या बाबतीत असेच घडले. त्याचे नाव कॅम्पिलोबॅक्टर. आज जगात अतिसाराच्या प्रमुख कारणांत त्याची गणना होते. आणि तरीही अर्ध्या शतकापूर्वी बहुतेक डॉक्टरांनी त्याचे नावसुद्धा ऐकलेले नव्हते.

याच वाटेने येणारा दुसरा जंतू, साल्मोनेला, लवकर हाती लागला. १८८५ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ या तरुण संशोधकाने डुकरांच्या रोगाचा अभ्यास करताना त्या कुळातील एक जंतू वेगळा काढला. पुढे कुळाला नाव मिळाले ते मात्र त्याचे वरिष्ठ डॅनियल सॅल्मन यांचे. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, म्यूनिक येथे थिओडोर एशेरिख हे बालरोगतज्ज्ञ अतिसाराने दगावलेल्या अर्भकांची आतडी तपासत होते. मोठ्या आतड्यातील श्लेष्म्यात त्यांना नागमोडी आकाराचे असंख्य जंतू दिसले. त्यांनी त्यांचे वर्णन लिहून ठेवले. परंतु ते जंतू प्रयोगशाळेत काही केल्या वाढेनात. आणि जो जंतू वेगळा काढून वाढवता येत नाही, त्याच्यावरील आरोप सिद्ध होत नाही, हा या शास्त्राचा दंडक. आरोपी समोर दिसत होता, पण खटला उभा राहिला नाही.

हा जंतू वाढत का नव्हता, याचे उत्तर कोंबडीपाशी आहे. त्याला भोवतालच्या हवेइतका प्राणवायू सोसत नाही, आणि त्याला मानवते सुमारे ४२ अंश सेल्सियस तापमान. माणसाच्या देहाची ऊब ३७ अंशांची. पक्ष्याची त्याहून चार-पाच अंशांनी अधिक. डॉक्टर मंडळी माणसाचे तापमान गृहीत धरून आपल्या पेट्या ऊबदार राखीत, आणि त्या उबेत शेकडो दुसरे जंतू माजत. हा पाहुणा त्या गर्दीत हरवून जाई. कोंबडीच्या आतड्यात मात्र तो सुखाने नांदतो. आणि विशेष हे की, कोंबडी बहुधा आजारी पडत नाही. ती धडधाकट दिसते, दाणे टिपते, आणि तिच्या मांसाला वासही येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये मॅकफॅडियन आणि स्टॉकमन या पशुवैद्यांना गाभडलेल्या मेंढ्यांत याच जातकुळीचा जंतू सापडला. तेव्हापासून तो पशुवैद्यांचा विषय होऊन बसला. गोठ्यातील रोग आणि घरातील रोग यांच्यामध्ये विद्येने घातलेली भिंत फार उंच होती. १९३८ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात शेजारशेजारच्या दोन संस्थांत दुधावाटे ३५५ माणसांना अतिसाराची बाधा झाली. त्यांच्या विष्ठेत तसेच वाकडे जंतू दिसले. पण विष्ठेतून ते वेगळे काढता आले नाहीत. १९५७ मध्ये अमेरिकेतच एलिझाबेथ किंग या विदुषीने रोग्यांच्या रक्तातून मिळालेल्या अशा जंतूंत दोन जाती असून त्यांतील एकीला अधिक उष्णता मानवते, हे दाखवून दिले. १९६३ मध्ये त्यांना ‘वाकडी काडी’ या अर्थाचे ग्रीक नाव मिळाले.

अखेर १९७२ साली ब्रुसेल्स येथील देकेझर आणि बुट्झलेर यांनी एक साधी युक्ती योजली. हा जंतू इतरांपेक्षा बारीक असल्याने त्यांनी विष्ठेचे पातळ द्रावण सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळले. मोठे जंतू वर राहिले, हा खाली उतरला. पाच वर्षांनी, १९७७ मध्ये, इंग्लंडमधील वूस्टर येथे मार्टिन स्किरो यांनी त्याहून सोपी रीत काढली. इतर जंतूंना मारणारी औषधे त्यांनी पोषक द्रव्यातच मिसळली आणि पेटीचे तापमान वाढवले. अतिसाराच्या ८०३ रोग्यांपैकी ५७ जणांत त्यांना हा जंतू सापडला. अतिसार नसलेल्या १९४ जणांपैकी एकातही नाही. म्यूनिकच्या त्या अर्भकांनंतर ९१ वर्षांनी खटला उभा राहिला.

आरोप किती गंभीर होता, हे पुढे कळले. बहुतेक रोगी आठवड्याभरात बरे होतात. परंतु हजारात एखाद्याला पोट बरे झाल्यावर काही दिवसांनी पायांत मुंग्या येतात, बळ जाते, आणि हा लुळेपणा वर चढत कधी श्वासापर्यंत पोचतो. या व्याधीचे वर्णन फ्रान्समध्ये गियाँ, बारे आणि स्ट्रोल यांनी १९१६ मध्येच केले होते. तिचा या जंतूशी असलेला संबंध १९८२ पासून उलगडू लागला. जंतूच्या आवरणाचा काही भाग आपल्या मज्जातंतूंच्या वेष्टनाशी इतका मिळताजुळता असतो की, शरीराचे संरक्षक शत्रूबरोबर स्वकीयांवरही तुटून पडतात.

कोंबडीचा वाटा किती, याचा पुरावा मात्र एका अपघाताने मिळाला. १९९९ साली बेल्जियममध्ये पशुखाद्यात विषारी डायॉक्सिन मिसळल्याचे उघड झाले आणि जून महिन्यात कोंबड्या व अंडी बाजारातून काढून घेण्यात आली. त्या काळात या जंतूचे रोगी सुमारे ४० टक्क्यांनी घटले; कोंबडी बाजारात परतली, तसे रोगीही परतले. कोणा शास्त्रज्ञाला जो प्रयोग योजता आला नसता, तो एका संकटाने करून दाखवला.

आपल्याकडे रस्सा खळखळून उकळण्याची रीत आहे, आणि त्या उकळीत हा जंतू टिकत नाही. पुष्कळ मराठी घरांत मांसाची भांडी, कुठे चूलही, वेगळी असे. त्यामागचे कारण सोवळ्याचे होते. पण कच्च्या मांसाचा स्पर्श इतर अन्नाला होत नसे, हा लाभ आपोआप पदरात पडे. आता भांडी एक झाली आहेत आणि निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी शहरोशहरी मिळते. ती वरून करपते आणि हाडाजवळ कच्ची राहू शकते. शिवाय या जंतूला संख्येची गरज नाही. १९८१ मध्ये रॉबिन्सन या ब्रिटिश डॉक्टराने दुधातून अवघे ५०० जंतू स्वतः गिळून पाहिले, आणि तो आजारी पडला. कच्च्या मांसाच्या पाण्याच्या एका थेंबात याहून अधिक जंतू असू शकतात. म्हणून नळाखाली कोंबडी धुणे हे स्वच्छतेचे वाटले तरी घातक. त्या शिंतोड्यांनी शेजारची कोशिंबीर बाटते. सुरी आणि फळी साबणाने धुवावी, आणि मांस आतपर्यंत ७४ अंशांची उष्णता पोचेल असे शिजवावे.

रंग, वास आणि चव हे तीन साक्षीदार आपण पिढ्यान्‌पिढ्या विश्वासाचे मानीत आलो. या प्रकरणात तिघेही काही सांगू शकत नाहीत. एशेरिख यांच्यासारख्या दक्ष माणसाला जे समोर असून पकडता आले नाही, ते आपल्या डोळ्यांना ताटात दिसेल अशी आशा व्यर्थ आहे. त्याचा बंदोबस्त करायला विस्तव पुरेसा आहे. तो हाडापर्यंत पोचू द्यावा, एवढेच आपल्या हाती आहे.