चिंगीचं नाव कुठून आलं

गेल्या दिवाळीत घरी सगळे जमले होते तेव्हा आमच्या पिल्लाच्या नावावरून भरपूर थट्टा झाली. "कुत्रीचं नाव चिंगी? ब्रूनो, टायगर असं काहीतरी ठेवायचं!" इति आत्या. मी म्हटलं, हे नाव थेट स्वित्झर्लंडहून आलंय. त्यावर जो हशा पिकला त्यात माझं पुढचं बोलणं वाहून गेलं. तेव्हा मंडळी, आता कोणी मधे बोलू शकणार नाही अशा ठिकाणी हे लिहून ठेवतो.

चिंगी म्हणजे चिंगेल. हे मुळात एका खिंडीचं नाव. स्वित्झर्लंडच्या बर्नीज ओबरलांड भागात, सुमारे 2,800 मीटर उंचीवर, हिमनदीच्या वाटेने ओलांडायची खिंड. 1865 च्या सप्टेंबरमध्ये क्रिस्टियान आल्मर नावाचा वाटाड्या ही खिंड ओलांडून घरी परतत होता. वाटाड्या म्हटलं तरी साधा माणूस नव्हे. त्याच उन्हाळ्यात एडवर्ड व्हिंपरबरोबर एग्वी व्हेर्त या शिखरावर पहिल्यांदा पोचलेला हा गडी. (पुढे 14 जुलैला व्हिंपर मॅटरहॉर्न चढला आणि उतरताना सातातले चार जण गेले, त्या तुकडीत आल्मर नव्हता.) तर लोचेनटालमधल्या एका गावात आल्मरने एक पिल्लू विकत घेतलं आणि ते बर्फावरून चालवत आपल्या गावी, ग्रिंडेलवाल्डला आणलं. पहिलाच प्रवास हिमनदीवरून. म्हणून त्या खिंडीचंच नाव तिला मिळालं. मिश्र जातीची, बुटकी, लांब कानांची कुत्री. जातिवंत वगैरे काही नाही. आमच्या चिंगीसारखीच.

पुढची तीन वर्षं ती आल्मरच्या घराची राखण करत होती, आणि एवढ्यावरच गोष्ट संपली असती. पण 1868 मध्ये आल्मरकडे डब्ल्यू. ए. बी. कोलिज नावाचा सतरा वर्षांचा अमेरिकन मुलगा आला. आयगर चढायचा त्याचा बेत फसला, पोरगं हिरमुसलं. आल्मरने त्याची समजूत काढायला चिंगेल त्याला देऊन टाकली. एखादा खाऊ दिला असता! पण दिली ती कुत्री, आणि 1868 ते 1876 या काळात तिने 66 मोठ्या चढाया केल्या, शिखरं आणि खिंडी धरून. मोंटे रोझा झालं. ज्या आयगरपायी ती कोलिजला मिळाली तोही 1871 मध्ये झाला. 1875 मध्ये मों ब्लां, 4,800 मीटरच्या वर, स्वतःच्या पायांनी.

मला स्वतःला या यादीपेक्षा तिच्या पंजांची हकीकत जास्त खरी वाटते. बर्फाच्या धारदार कडांनी तिचे पंजे फाटत, रक्त येई. म्हणून तिच्यासाठी चामड्याचे छोटे बूट करवले. ते तिने पायात ठेवलेच नाहीत. अवघड जागी गळपट्ट्यातून दोर ओवून तिला तुकडीतल्या इतरांसारखंच बांधून घेत. थकली की पातळ चहा, आणि तांबडी वाइन! हे मी वाचलं तेव्हा हसलो, आणि मग जरा वेळाने हसू गेलं. कारण कुत्र्याला डोंगरावर नेताना एक गोष्ट विसरता येत नाही. ते कधीच "आता बास" म्हणत नाही. तुम्ही चालताय तोवर ते चालतं.

माझी चिंगी आठ महिन्यांची असताना तिला राजगडला घेऊन गेलो. मुद्दाम पालीच्या वाटेने, पायऱ्यांवरून. गुंजवण्याकडून चोरदरवाजाची चढण आठ महिन्यांच्या हाडांना नको, असं आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. सह्याद्रीत बर्फ नाही, पण फेब्रुवारीतच दुपारी कातळ असा तापतो की तळवा टेकवून पाहावा. दर थांब्याला मी तिचे चारही पंजे उलटून बघत होतो. पायथ्याच्या गावातलं एक कुत्रं, जे राजगड-तोरण्याच्या प्रत्येक भटक्याला कधी ना कधी भेटतं, आमच्यापुढे वर गेलं आणि माचीवर आमची वाट बघत बसलं. त्याला पंजे बिंजे काही नाही. असो.

आता या गोष्टीतलं तिसरं माणूस. कोलिजची मावशी.

मेटा ब्रेव्हूर्ट. जन्म 1825. तब्येतीने नाजूक असलेल्या भाच्याला हिनेच वाढवलं, हिनेच डोंगरात नेलं. म्हणजे कोलिजला हे वेड लावणारी मावशी! 1865 मध्ये, भाच्याच्या नावाला काही अर्थ येण्याआधी, ती मों ब्लांच्या माथ्यावर पोचली आणि तिथे तिने शॅम्पेन घेतली, वाटाड्यांबरोबर नाच केला आणि फ्रेंच राष्ट्रगीत म्हटलं. त्या वेळी फ्रान्समध्ये सम्राटाची राजवट होती आणि ते गाणं क्रांतीचं, तेव्हा हा नुसता आनंद नव्हता. 1871 मध्ये मॅटरहॉर्नवर जाणारी पहिली स्त्री व्हायचं तिच्या मनात होतं. लुसी वॉकर तिच्या आधी, जुलैमध्ये, चढून गेली. मग मेटाने सप्टेंबरमध्ये मॅटरहॉर्न एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने, इटलीत उतरायचं ठरवलं आणि केलं. असं करणारी ती पहिली स्त्री.

मावशी, भाचा, आल्मर आणि कुत्री अशी ही चौकडी. आणि इथेच मला खुपणारी गोष्ट येते.

लंडनचा अल्पाइन क्लब 1857 चा. तिथे बायकांना सभासद होता येत नसे. पण चिंगेलने मोंटे रोझा सर केल्यावर क्लबच्या मंडळींनी तिला थट्टेने मानद सभासद करून टाकलं. चिंगेल मादी होती, हा त्या विनोदाचा कळस. कोलिज आयुष्यभर हे कौतुकाने सांगत राहिला. म्हणजे बर्फावर जिने स्वतः पावलं टाकली त्या बाईला दार बंद, आणि तिच्याच दोराला बांधलेल्या कुत्रीला मान! मेटाने 1871 मध्येच बीचहॉर्न हे शिखर चढून, वर अडकून एक रात्र डोंगरावर काढली. त्यावर तिने लिहिलेला लेख पुढच्या वर्षी क्लबच्या नियतकालिकात आला तो कोलिजच्या नावाने.

मला कुत्रीच्या मानाबद्दल तक्रार नाही. आपल्याकडे तर साताऱ्याच्या शाहू महाराजांनी शिकारीत वाघापासून जीव वाचवणाऱ्या आपल्या कुत्र्याला सनद देऊन जहागीर दिली, पालखीचा मान दिला, असं ग्रँट डफने लिहिलंय. संगम माहुलीला त्याची समाधी आजही दाखवतात. उपकार मानावे तर असे, रोख. लंडनच्या सभ्य गृहस्थांचा मान मात्र मला तसा वाटत नाही. त्यांना कुत्रीचं कौतुक होतं हे खरं. पण बाईला सभासद करणं इतकं अशक्य होतं, की कुत्रीला केलं तर हसू यावं. विनोद तिथून येतो.

मेटाचा जीव शेवटी म्हैज या फ्रान्समधल्या शिखरावर जडला होता. 1870 मध्ये ती त्याच्या मधल्या सुळक्यापर्यंत पोचली, आणि वर गेल्यावर कळलं की खरा माथा पलीकडचा. 1876 च्या डिसेंबरमध्ये ती वारली. 1877 मध्ये त्या माथ्यावर पहिल्यांदा माणसं पोचली, 1878 मध्ये कोलिजही जाऊन आला. चिंगेलचं चढणं मावशी गेली त्याच वर्षी थांबलं होतं. 1879 मध्ये म्हातारी होऊन ती इंग्लंडमध्ये गेली.

बायकांनी 1907 मध्ये आपला वेगळा क्लब काढला. अल्पाइन क्लबात त्यांना खरोखरीचं सभासदत्व मिळायला 1970 चं दशक अर्धं सरावं लागलं.

तर आत्या, नाव असं आलं. आणि हो, पुढच्या वेळी पिल्लू आणलं तर त्याचं नाव मेटा ठेवा असा सल्ला बायकोने दिलाय. मी नको म्हटलं. ते नाव कुत्र्याला द्यायचं नाही.