नीरेचा पाट आणि आमचे अण्णा

स्मरणिका समितीने मला ‘जुन्या काळावर काहीतरी लिहा’ असा निरोप दिला. सोसायटीची नोंदणी, प्लॉटची खरेदी, पहिली वार्षिक सभा हा सगळा इतिहास प्रोसिडिंग बुकात आहे आणि आपल्या सचिवांनी तो याच अंकात व्यवस्थित मांडला आहे. त्यामुळे मी त्याच्या थोडं मागे जाणार आहे. आपल्या सोसायटीत बहुतेक घरं नोकरदारांची आहेत. बँक, शाळा, कारखाना, एसटी, पाटबंधारे खातं. पण कुणालाही विचारा, मूळ गाव इंदापूर नाहीतर बारामती तालुक्यातलं निघतं आणि वडील शेतावर, कारखान्यावर नाहीतर पाटावर राबलेले असतात. आपण फ्लॅटमध्ये राहायला आलो ते त्यांच्या कष्टावर. त्या पिढीची नोंद कुठल्याच बुकात नाही. माझे वडील त्यातलेच एक, म्हणून त्यांच्या निमित्ताने लिहितो.

अण्णा नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. नव्या पिढीला हा शब्द कदाचित माहीत नसेल. कालव्याचं पाणी फाट्याला, फाट्याचं चारीला आणि चारीचं शेतकऱ्याच्या रानात वेळेवर पोचवणारा सरकारी माणूस म्हणजे पाटकरी.

या कालव्याची जन्मकथा दुष्काळाची आहे. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात आपला हा पर्जन्यछायेचा मुलूख होरपळून निघाला. लोकांच्या हाताला काम म्हणून सरकारने जी कामं काढली, त्यात नीरा डाव्या कालव्याचं काम निघालं. १८८५ साली कालव्यातून पाणी वाहू लागलं. त्याला बारमाही आधार मिळावा म्हणून भोर भागात येळवंडी नदीवर भाटघरचं धरण बांधलं. पुढे १९२० च्या दशकात तिथेच मोठं नवं धरण झालं. पुरंदर, बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतून हा कालवा जातो. तेव्हापासून आपल्याकडे माणसाची ओळख दोनच शब्दांत होऊ लागली, बागायती की जिरायती. पाटाखालचा तो बागायती आणि पाटाच्या वरचा तो जिरायती. सोयरीक जमवतानाही हाच प्रश्न पहिला. बारामतीची गुळाची पेठ या पाण्यावर वाढली. १९३० च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर उभं राहिलं. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथे सहकारी कारखाने आले.

पाणी वाटायची शिस्तही याच कालव्यावर घडली. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, त्यांनी नीरेवर ‘ब्लॉक’ पद्धत आणली. कुठल्या रानाला किती वर्षं, कोणत्या पिकासाठी पाणी मिळणार हे आधी ठरवून द्यायचं. कागदावर हे सोपं वाटतं. पण मध्यरात्री उसाच्या फडात कंदील घेऊन ते अंमलात आणायचं काम पाटकऱ्याचं.

अण्णांचा जन्म १९२३ चा. शिक्षण चौथी. १९४३ च्या सुमारास ते कालव्यावर लागले आणि १९८१ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. अडतीस वर्षांत बढती फारशी नाही, बदल्या मात्र भरपूर. कधी बारामतीजवळच्या चौकीवर, कधी लासुर्ण्याकडे, कधी पार शेवटाला, निमगाव केतकीच्या बाजूला. पाळी सुटली की घरात फक्त जेवणापुरते यायचे. डोक्याला मुंडासं, हातात काठी, खांद्यावर कंदील, खिशात सात नंबरच्या अर्जांची घडी.

शेतकऱ्याच्या दृष्टीने पाटकरी म्हणजे मोठा माणूस. दार एक बोट जास्त उघडलं तर एकाचा ऊस तरारतो आणि टेलच्या माणसाची ज्वारी करपते. त्यामुळे पाटकऱ्याला गूळ, तूप, कोंबडी, पैसा, सगळ्याचा मोह दाखवला जायचा आणि कधीकधी कुऱ्हाडीचा धाकही. अण्णांचा नियम एकच होता, “टेलचं आधी. वरच्याला पाणी दिसतंय तरी. खालच्याला नुसती वाट दिसतीय.” एकदा एका बड्या बागायतदाराने आमच्या घरी गुळाची ढेप पाठवली. आईने ती ओट्यावरसुद्धा येऊ दिली नाही. अण्णांनी ती डोक्यावर घेऊन दोन मैल चालत परत नेऊन दिली आणि त्याच्या अर्जाला त्याच्या पाळीचं पाणी काट्यावर मोजून दिलं. कमी नाही, जास्त नाही. पुढे बँकेत पीककर्जाच्या फायली माझ्या टेबलावर यायच्या तेव्हा छोट्या खातेदाराची फाईल वर ठेवायची सवय मला कुठल्या ट्रेनिंग कॉलेजात लागली नव्हती.

१९७२ च्या दुष्काळात तर त्यांची परीक्षाच होती. जिरायती भागातले लोक खडी फोडायच्या कामावर होते, सुकडी खाऊन दिवस काढत होते. पाटाला पाणी तुटपुंजं. लोक रात्री कालव्याला भगदाड पाडायचे. अण्णा पकडायचे, दार बुजवायचे, पण तहानेल्या जनावराला कालव्यावर आणलेल्या माणसाला कधी हटकलं नाही. “पिण्याच्या पाण्याला अर्ज नसतो,” असं म्हणायचे. पुढे उजनीच्या धरणात इंदापूर तालुक्यातली भीमाकाठची गावं गेली, त्यात आमच्या आत्याचं घर गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, ते पाहायला अण्णा आत्याला घेऊन जायचे. पाणी देणाऱ्या माणसाला पाण्याने घेतलेलंही बघावं लागलं.

आता दुसरी गोष्ट. रात्रपाळीचा माणूस जागा राहतो कशावर? चहा मिळत नसे. मग चंची. तंबाखू तळहातावर घ्यायची, चुना लावून मळायची, दोन टाळ्या मारायच्या आणि डाव्या गालात बार भरायचा. पाटावर, फडात, गुऱ्हाळावर, बैलगाडीवर, सगळीकडे हीच रीत. चंची पुढे करणं हा तेव्हा शिष्टाचार होता. भांडण मिटलं की दोघं एकाच चंचीतून तंबाखू घ्यायचे. घरात बायका मशेरी लावायच्या. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, कारण कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणजे सांगितलं होतं, पण ते आमच्यापर्यंत आलं नव्हतं. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४० च्या दशकातच तोंडाचा कॅन्सर आणि तंबाखू-पान खाण्याच्या सवयी यांचा संबंध अभ्यासून मांडला होता. आपल्या देशातल्या कॅन्सर संशोधनाचा पाया घालणारा हा माणूस. आपल्याकडे हा रोग बहुधा गालाच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिथे बार ठेवला जातो तिथेच का होतो, याचं उत्तर तेव्हाच मिळालं होतं. त्याच सुमारास अण्णा कालव्यावर लागले. मुंबईतलं ज्ञान आणि इंदापूरची चारी यांच्यात पाटच नव्हता.

१९८६ च्या दिवाळीत अण्णांना तिखट लागेना. डाव्या गालात फोड आला होता. एका डॉक्टरांनी दाढेचा त्रास म्हणून दाढ काढली. जखम भरेना. कधी जांभळं औषध, कधी गोळ्या, असे चार महिने गेले. तोवर तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. मग पुण्यात तुकडा काढून तपासला आणि परळला जायला सांगितलं.

परळचं टाटा हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. दोराबजीही पुढच्याच वर्षी वारले; पण त्यांच्या ट्रस्टने हे हॉस्पिटल उभारलं. पुढे १९५७ मध्ये ते सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेलं. समोरच्या रस्त्याला तिथले गोव्याचे शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं नाव आहे. एका माणसाच्या दुःखातून लाखो अनोळखी माणसांसाठी दार उघडलं गेलं. माणसाची आठवण अशीही ठेवता येते, हे मला तिथे दिसलं.

आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहिलो. कॅन्सरच्या रुग्णांना आणि सोबतच्या नातेवाइकांना तिथे आसरा मिळतो. लातूर, चंद्रपूर, बिहार, बंगाल, कुठून कुठून लोक आलेले. रोज सकाळी परळला ‘शेक’ घ्यायला जायचं. विजेचे किरण द्यायला लोक शेकच म्हणायचे. अण्णांचा आवाज अडखळायचा, पण शेजारच्या खाटेवरच्या प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न, “तुमच्याकडं पाणी कशाचं?” विहिरीचं, नदीचं, नळाचं, जे सांगेल त्यावर गप्पा सुरू. बिहारच्या एका म्हाताऱ्याला त्यांनी खुणा करून दारं कशी धरायची ते दाखवलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दोघंही हसत होते.

तिथेच त्यांनी चंची सोडली, आईच्या हातात दिली. म्हणाले, “हिला पाटात सोडू नको, पाणी प्यायचं असतं.” सहा आठवड्यांनी आम्ही गावी आलो. थोडं बरं वाटलं, मग गळ्याला गाठी आल्या. १९८८ च्या उन्हाळ्यात अण्णा गेले. वय पासष्ट. मातीला टेलची माणसं जास्त होती. त्यातला एक म्हातारा एवढंच बोलला, “अण्णानं पाणी चोरलं नाही आन् चोरू दिलं नाही.” याहून मोठं मानपत्र मी बँकेच्या कुठल्या समारंभात ऐकलं नाही.

अण्णांसारखे कितीजण गेले. मोठी माणसंही सुटली नाहीत. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत आपल्या बारामतीच्या शरद पवारसाहेबांना तोंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, ते त्यातून उठले आणि पुढे जाहीरपणे सांगत राहिले, की चाळीस वर्षांपूर्वी कुणी मला सावध केलं असतं तर बरं झालं असतं. आर. आर. आबा मात्र राहिले नाहीत. तासगाव तालुक्यातल्या अंजनीसारख्या छोट्या गावातून, काम करून शिकलेला हा माणूस ग्रामविकास मंत्री झाला तेव्हा त्यांनी गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं; गृहमंत्री असताना २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम काढली. २०१२ च्या जुलैमध्ये राज्यात गुटखाबंदी झाली तेव्हाही ते गृहमंत्री होते. त्याच आबांना १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कॅन्सरने सत्तावन्नाव्या वर्षी नेलं. त्यांची मुलं तेव्हा लहानच होती. मुलगा रोहित २०२४ मध्ये आमदार झाला. वडिलांची जागा त्याने भरून काढली असेल, पण वडील परत येत नाहीत. हे दुःख अंजनीत आणि आमच्या घरात सारखंच.

काळ बदलला हेही खरं. आम्हाला परळ गाठावं लागलं. पण इंदापूरहून कितीतरी जवळ असलेल्या बार्शीत डॉक्टर मंडळींनी नर्गिस दत्त यांच्या नावाने कॅन्सर हॉस्पिटल उभारलं. १९८७ मध्ये, म्हणजे अण्णांचं दुखणं चालू असतानाच, बार्शी, परांडा, भूम भागातल्या खेड्यांतली कॅन्सरची नोंदवही तिथे सुरू झाली. देशातली ग्रामीण भागातली ती पहिली. मी आयुष्यभर लेजर लिहिलं, म्हणून मला त्याचं महत्त्व कळतं. नोंद नाही तिथे तरतूद होत नाही. २०१२-१३ मध्ये जीवनदायी योजना आली, आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. २०१९ पासून आपल्या बारामतीत सरकारी मेडिकल कॉलेज आहे. ज्ञान आणि चारी यांच्यातला पाट आता बऱ्यापैकी खणला गेला आहे. दार उघडायचं काम मात्र आपलं.

आणि इथे मला आपल्याच आवाराबद्दल लिहायचं आहे. चंची गेली, पण पुड्या आल्या. सोसायटीच्या मागच्या कंपाउंडजवळ रोज सकाळी सफाईवाल्या मावशी ज्या झाडून काढतात, त्या कुणी बाहेरचे येऊन टाकत नाहीत. अण्णांच्या पिढीला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या पिढीला आणि पोरांना सगळं माहीत आहे.

म्हणून समितीला आणि सर्व सभासदांना एक विनंती. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने दरवर्षी एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये तोंडाच्या तपासणीचं शिबिर घ्यावं. सभासद, वॉचमन, ड्रायव्हर, धुणंभांडीवाल्या मावशी, सगळ्यांसाठी. मशेरी लावणाऱ्या आयाबायांनीही संकोच करू नये. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर दाढ काढायच्या आधी तपासून घ्यावं. पहिल्या वर्षीचा खर्च अण्णांच्या स्मरणार्थ मी आणि माझी बहीण देऊ. पावती अण्णांच्या नावाने नको, सोसायटीच्या नावानेच फाडावी.

घरोघरी वडिलांचे फोटो आहेत, त्यांना हार आहेत, पुण्यतिथीला जेवणं होतात. ते चालू राहावं. पण ज्यांच्या घामावर आपण इथवर आलो, त्यांच्या नातवंडांना त्यांच्यासारखं जाऊ न देणं, ही त्यांची खरी आठवण. रौप्यमहोत्सवाच्या आपणा सर्वांना शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत बहुधा मी नसेन. पण त्या अंकात या शिबिराचा पंचविसावा अहवाल छापून यावा, एवढीच इच्छा.