साष्टीचा वाघोबा आणि त्याचे शेजारी

बोरिवली आणि ठाणें यांच्या दरम्यान जो डोंगराळ मुलूख पसरला आहे, त्याच्या उदरांत कान्हेरीचीं लेणीं आहेत आणि तुळशी व विहार हे दोन तलाव आहेत. विहार १८६० सालीं आणि तुळशी १८७९ सालीं मुंबई शहरास पाणी पुरविण्यासाठीं तयार झाला. पाणी निर्मळ राहावें म्हणून भोंवतालचें रान राखलें गेलें. नाहीं तर तें केव्हांच इमारतींच्या पोटांत गेलें असतें. पुढें या रानाचें राष्ट्रीय उद्यान झालें. प्रथम कृष्णगिरि, मग बोरिवली आणि शेवटीं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान अशीं त्याचीं नांवें बदलत गेलीं. क्षेत्रफळ सुमारें १०४ चौरस किलोमीटर. भोंवतीं एक कोटीहून अधिक लोकवस्तीची महानगरी, आणि आंत बिबट्या! जगांत असा शेजार क्वचितच आढळेल.

या रानांत आणि त्यास लागून असलेल्या आरे वसाहतींत वारली, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे आहेत. वारल्यांचा देव वाघोबा. शेंदूर फांसलेली लांकडाची अथवा दगडाची मूर्ति, तिच्यावर वाघाची आकृति, कोठें कोठें चंद्रसूर्य. एवढेंच त्याचें देऊळ, आणि तेंही बहुधा उघड्यावर. साष्टींतला पट्ट्याचा वाघ नाहींसा झाला, परंतु वाघोबा पदच्युत झाला नाहीं. कारण वारल्यांच्या बोलण्यांत वाघ म्हटल्यानें पट्टेवाला आणि ठिपकेवाला दोघेही येतात. आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे ज्या दिवशीं इतर घरीं वसुबारस असते त्याच दिवशीं, वाघबारस होते व देवास कोंबडें आणि नारळ अर्पण केला जातो. हा एक करारच आहे. वर्षांतून एकदां मान द्यावा आणि त्यानें गुरांमाणसांच्या वाटेस जाऊं नये. करार मोडला तर देवाशीं भांडण्याचीही सोय आहे!

शहरांतल्या सुशिक्षितांस मात्र बिबट्या हा चुकून आंत शिरलेला परका वाटत असे. २००२ ते २००४ या काळांत उद्यानाच्या कडेनें माणसांवर वारंवार हल्ले झाले व कित्येक माणसें प्राणांस मुकलीं. तेव्हां एकच ओरड झाली, कीं पिंजरे लावा आणि पकडून दूर नेऊन सोडा. त्या काळीं बाहेर पकडलेले बिबटेही याच रानांत आणून सोडले जात. उपाय सोपा, स्वस्त आणि लोकांचें समाधान करणारा होता. तो बरोबर आहे कीं नाहीं हें कोणी तपासलें नव्हतें.

तपासणीचें काम पुणें जिल्ह्यांतील जुन्नर भागांत झालें. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी यांनीं तेथील नोंदी लावून पाहिल्या. १९९३ ते २००१ पर्यंत तेथें वर्षास सरासरी चार हल्ले होत. बिबटे पकडून दूर सोडण्याचा सपाटा सुरू झाल्यावर ही सरासरी सतरावर गेली, आणि प्राणघातक हल्ल्यांचें प्रमाण दुप्पट होऊन शेंकडा ३६ झालें. हें संशोधन २०११ सालीं प्रसिद्ध झालें. कारण उघड आहे. अनोळखी मुलखांत टाकलेला, पिंजऱ्यांत घाबरलेला प्राणी माणसांमध्यें भांबावून फिरतो. आणि जी जागा त्यानें सोडली तेथें दुसरा येतो. नगरकडील एका विहिरींतून २००९ सालीं काढलेल्या बिबट्यास गळपट्टा बांधून माळशेज घाटांत सोडलें होतें. शांत स्वभावामुळें त्याचें नांव ‘आजोबा’ पडलें. तो महिन्याभराच्या आंत सुमारें १२० किलोमीटर चालत वसईची खाडी ओलांडून थेट या साष्टीच्या रानांत आला! वाटेंत त्यानें माणसास इजा केल्याची नोंद नाहीं. २०११ च्या डिसेंबरांत मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर वाहनाच्या धक्क्यानें तो मेला.

त्याच २०११ सालीं उद्यानाचे तेव्हांचे प्रमुख सुनील लिमये यांनीं डॉ. अत्रेय यांच्या साहाय्यानें एक उपक्रम हातीं घेतला. शास्त्रज्ञ, वनरक्षक, वृत्तपत्रकार व स्वयंसेवक एकत्र आले. बिबट्या दिसला म्हणजे तो संकट आहे असें नव्हे, कचरा साठूं देऊं नका, मुलांस अंधारांत एकटें सोडूं नका, एवढें साधें सांगणें होतें. पाड्यांतल्या म्हाताऱ्यांस यांत नवें कांहींच नव्हतें. पुढें निकित सुर्वे यांनीं रानवाटांवर स्वयंचलित कॅमेरे लावले. प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची मांडणी निराळी, त्यामुळें छायाचित्रावरून एकेक ओळखतां येतो. २०१५ च्या मोजणींत ३५ निघाले. पुढच्या मोजण्यांत आकडा वाढत गेला आणि २०२४ च्या मोजणींत तो ५४ झाला. त्यांच्या आहारांत भटक्या कुत्र्यांचा मोठा वांटा आहे. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणें वर्षास सुमारें दीड हजार कुत्रीं ते फस्त करतात.

२०२१ सालीं मात्र या शास्त्रज्ञांपैकीं कांहीं जणांनीं आणखी वेगळें काम पुढें आणलें. रम्या नायर प्रभृतींनीं मुंबई उपनगर, ठाणें व पालघर या जिल्ह्यांत हिंडून वाघोबाचीं दीडशेंहून अधिक स्थानें नोंदलीं, आणि वारल्यांच्या तोंडून त्यांच्या कथा ऐकून घेतल्या. प्राणिशास्त्राच्या माणसानें देवळें मोजावींत हें कित्येकांस चमत्कारिक वाटलें असेल. परंतु उत्तर ध्रुवाकडील अलास्कांत असाच प्रकार घडला होता. १९७७ सालीं आंतरराष्ट्रीय आयोगानें तेथील देवमाशांची संख्या फार थोडी मानून शिकारीस मनाई केली. तेथील मूळ रहिवाशांचें म्हणणें असें, कीं देवमासे बर्फाखालूनही जातात व ते किनाऱ्यावरून मोजणारास दिसत नाहींत. मग पाण्यांत ध्वनियंत्रें सोडून ऐकलें, तेव्हां रहिवाशी खरे ठरले. वारल्यांचें ज्ञान या जातीचें नव्हे. ते बिबट्यांचा आकडा सांगत नाहींत. बिबट्या जाणार नाहीं, तेव्हां त्याच्याशीं वागावें कसें, हें ते सांगतात. संशोधकांनींही या श्रद्धेस भाबडेपणानें डोक्यावर घेतलें नाहीं. वाघोबा असला म्हणजे भय नाहीं, नुकसान नाहीं, असें वारली म्हणत नाहींत आणि संशोधकही लिहीत नाहींत.

भय आहेच. २०१७ सालीं आरे वसाहतींत हल्ले झाले, २०२१ सालीं पुन्हां झाले, आणि २०२२ च्या दिवाळींत तेथेंच एक तान्ही मुलगी दगावली. उंच इमारतींतल्या माणसास बिबट्या बहुधा खिडकींतून किंवा चित्रांतून दिसतो. ज्याच्या घरीं संडास नाहीं आणि वाटेवर दिवा नाहीं, त्यास तो रात्रीं समोरासमोर भेटतो. तेव्हां सहजीवनाचें कौतुक करतांना त्याचा खर्च कोण देतो हें पाहिलें पाहिजे.

आणि हे खर्च देणारे कागदोपत्रीं कोण? १९९७ सालीं उच्च न्यायालयानें उद्यानांतील अतिक्रमणें हटविण्याचा आदेश दिला, आणि झोपडपट्ट्यांबरोबर पाड्यांचाही प्रश्न उभा राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्यानें १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून रानांत राहणाऱ्या आदिवासींचे हक्क मान्य केले. परंतु पाडा किती जुना याचा पुरावा लागतो, आणि ज्यांच्या घरीं कागद कधींच नव्हता त्यांनीं तो कोठून आणावा? २०१९ च्या ऑक्टोबरांत मेट्रोच्या कारशेडसाठीं आरेंतील दोन हजारांहून अधिक झाडें रात्रींतून तोडलीं गेलीं. पुढच्या वर्षीं शासनानें आरेची सुमारें ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून राखण्याचें जाहीर केलें. राखीव वन करावयाचें तर कायद्याप्रमाणें रहिवाशांचे दावे ऐकून घ्यावे लागतात. ते ऐकण्यासाठीं नेमलेल्या अधिकाऱ्यापुढें वारल्यानें दाखवावें असें बहुधा एकच असतें : पाड्याच्या वेशीवरचा शेंदूर फांसलेला वाघोबा.