दहीहंडीतील बालगोविंदांची सुरक्षा

गोपाळकाल्यास मुंबई-ठाणे परिसरात मानवी मनोरे रचून उंच टांगलेली दहीहंडी फोडतात. मनोऱ्याचे खालचे थर धिप्पाड गोविंदांचे असतात. माथ्यावरचा गोविंदा मात्र हलका असावा लागतो, म्हणून तेथे लहान मूल चढविण्याचा प्रघात पडला. बक्षिसांच्या रकमांबरोबर थरही वाढत गेले. २०१२ मध्ये ठाणे येथे जय जवान पथकाने नऊ थर रचून १३·३४ मी. उंचीचा विक्रम केला. मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असल्याने पडताना त्यास मार बसण्याचा धोका अधिक असतो.

ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांच्या सहभागास मनाई केली आणि उंचीस २० फुटांची (सु. ६ मी.) मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने या आदेशास प्रथम स्थगिती दिली. २०१६ मध्ये मात्र दोन्ही अटी शिथिल करण्यास नकार दिला. दरम्यान २०१५ मध्ये राज्य शासनाने दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा दिला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने १४ वर्षांखालील मुले सहभागी होणार नाहीत, ही शासनाची हमी स्वीकारली; उंचीचे बंधन मात्र उरले नाही. वस्तुतः वय आणि उंची हे दोन स्वतंत्र प्रश्न नव्हेत. थर वाढला, की माथ्यावर अधिक हलके मूल हवे असते. शिरस्त्राणाने डोक्याचे काही अंशी रक्षण होते, मानेचे व पाठीच्या कण्याचे नाही. वरून सोडलेला कमरेचा सुरक्षा-दोर मुलास खाली कोसळूच देत नाही.