ध्रुवभ्रमयंत्र : रात्रीच्या कालज्ञानाचे एक साधन

मध्ययुगीन भारतात रात्रीची वेळ मोजण्याचे सर्वपरिचित साधन म्हणजे घटिकापात्र. तळाशी सूक्ष्म छिद्र असलेले हे पात्र पाण्यात सोडले असता एका घटिकेत, म्हणजे २४ मिनिटांत, भरून बुडे. मात्र सूर्यास्तापासून त्याची गणती अखंड ठेवावी लागे; एक बुडणे नजरेतून निसटले की पुढील सारा हिशेब चुके. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात नार्मदपुत्र पद्मनाभाने वर्णिलेल्या ध्रुवभ्रमयंत्रास अशा जागरणाची गरज नव्हती. आकाश निरभ्र असले म्हणजे एक वेध पुरे.

हे यंत्र म्हणजे वरच्या कडेजवळ आडवी फट असलेला आयताकृती फलक. ध्रुवमत्स्याच्या मुखपुच्छांचे दोन ठळक तारे एकाच वेळी फटीत दिसतील असा तो हाती धरावयाचा. त्यांपैकी एक आजचा ध्रुवतारा होय. इ. स. १४०० च्या सुमारास तो ध्रुवबिंदूपासून जवळजवळ ४ अंश दूर होता आणि दुसरा तारा बहुतांशी विरुद्ध बाजूस होता. रात्र सरते तशी ही जोडी ध्रुवबिंदूभोवती फिरते व तिच्याबरोबर फलकही कलतो. मध्यभागी सैल बसविलेला काटा मात्र स्वभाराने लंबरेषेतच राहतो आणि खालील वर्तुळांवर नाक्षत्रकाल व लग्न दर्शवितो.

याच तत्त्वावरील युरोपीय नॉक्टर्नल यंत्रात चकती प्रथम तारखेवर लावावी लागते, कारण तेथे इष्ट असतो तो सौर तास. पद्मनाभाच्या यंत्रात लग्न तारखेवाचून मिळते. पूर्वक्षितिजावर या क्षणी कोणती रास उगवत आहे, हा मुहूर्त पाहणाऱ्याचा प्रश्न. आणि त्याचे उत्तर फलकावर थेट कोरलेले असते.

या सोयीचे मोलही द्यावे लागते. बारा राशी ६० घटिकांत उगवतात. परंतु प्रत्येक राशीचा उदयकाल अक्षांशपरत्वे बदलतो. म्हणून उज्जयिनीसाठी कोरलेले लग्नवर्तुळ काश्मीरात नेमके उत्तर देणार नाही. यंत्र हाती वागविता येण्याजोगे असले तरी त्याचे ज्ञान स्थळाशी बांधलेले राहते.

ध्रुवभ्रमयंत्रास केवळ ‘भारतीय नॉक्टर्नल’ म्हटल्याने हा भेद झाकला जातो. साम्य तत्त्वाचे आहे, प्रयोजनाचे नाही. म्हणून जुन्या यंत्राचा अभ्यास करताना ते कोणता तारा पाहते याबरोबरच ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हेही प्रथम विचारले पाहिजे.