डोळ्याजवळचे भिंग

आश्विनातली अमावास्या ही पणत्यांची रात्र खरी. पण शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांवर अंगणातल्या पणत्या विझल्या की आकाशाची आरास सुरू होते. ज्येष्ठापासून ढगांनी झाकलेले आभाळ धुऊन निघालेले असते आणि पूर्वेकडून कृत्तिकांचा झुबका वर येतो. अशा वेळी एखाद्या शाळेने पैसा पैसा जमवून आणलेली दुर्बीण मैदानात मांडली जाते, मुले रांग धरतात, आणि डोळा लावून म्हणतात, "गुरुजी, काहीच दिसत नाही!" दोष आकाशाचा नसतो, मुलांच्या डोळ्यांचा तर नसतोच. पुष्कळदा तो डोळ्याजवळच्या बोटभर नळकांड्याचा असतो. त्याला नेत्रिका म्हणतात. वाचकहो, या इवल्या वस्तूचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

१६०९ साली गॅलिलिओने डोळ्याशी अंतर्गोल भिंग धरले. चित्र सुलटे दिसे, पण किल्लीच्या भोकातून पाहावे इतके अरुंद. तेवढ्यातूनच त्याने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र हेरले. १६११ साली केपलरने बहिर्गोल भिंग सुचविले. चित्र उलटे झाले, पण आवाका वाढला. आणि ताऱ्यांना उलटे काय नि सुलटे काय!

त्या काळी रंगांची झालर टाळण्यासाठी दुर्बिणी शंभर-शंभर फूट लांब करीत. लांब दुर्बिणीतला प्रकाश सुळक्यासारखा निमुळता येतो. हायगेन्सने दोन भिंगांची साधी जोडी बनविली, ती अशा प्रकाशाला पुरून उरली. पण १६६८ साली न्यूटनने भिंगाऐवजी आरसा वापरला आणि पुढे दुर्बिणी आखूड झाल्या. आखूड दुर्बिणीतला प्रकाशाचा शंकू पसरट. तिथे हायगेन्सची जोडी लावली की कडेच्या ताऱ्यांना शेपट्या फुटतात. मग १८४९ साली केल्नरने, १८६० साली व्हिएन्नाच्या प्लॉसलने आणि १८८० साली आबेने भिंगाला भिंग चिकटवून हे दोष कमी केले. म्हणजे जशी दुर्बीण, तशी नेत्रिका!

महाराष्ट्रात पुण्याला १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी नायगमवाला यांच्या हाती तिथे वीस इंची आरशाची दुर्बीण होती. १९१२ साली वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडईकनालला गेली. १९४४ साली पुण्यातच ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली आणि आकाश हौशी माणसांचे झाले. पुढे मुंबईचे खगोल मंडळ रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी वांगणीला येऊ लागले. मुरबाडपासून ते काही दूर नाही.

आता शाळेपुरता हिशेब मांडू. दुर्बिणीच्या केंद्रांतराला नेत्रिकेच्या केंद्रांतराने भागले की चित्र किती पट मोठे दिसेल ते कळते. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या, सहाशे केंद्रांतराच्या भिंगाच्या दुर्बिणीला पंचवीसची नेत्रिका लावली तर २४ पट; दहाची लावली तर ६० पट. ही दुर्बीण आखूड नव्हे. म्हणून नेत्रिकेवर हायगेन्सचे 'एच' अक्षर असले तरी तिचे भागते. दीडशे व्यासाच्या, साडेसातशे केंद्रांतराच्या आरशाच्या दुर्बिणीला मात्र प्लॉसलच द्यावी. पंचवीसची लावली की ३० पट दिसते.

व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट ही मोठेपणाची मर्यादा. पन्नासच्या भिंगाला शंभर पटच झेपते. खोक्यावर पाचशे छापले म्हणून प्रकाश वाढत नाही. चार मिलिमीटरची नेत्रिका लावली की दीडशे पट होते, आणि चित्र अंधारते, थरथरते, पोराच्या नजरेतून निसटते. खेड्यातल्या मुलाला ही संधी वर्षातून एकदा मिळते. त्या एका क्षणी काही दिसले नाही, तर आकाश आपल्यासाठी नाही अशी त्याची समजूत होते, ती पुढे कोण काढणार?

म्हणून पंचवीसची नेत्रिका आधी, दहाची मागून. कृत्तिका पंचवीसने दाखवाव्यात, चंद्रावरची विवरे दहाने. शाळेला आणखी रुपये खर्चायचे असतील, तर त्याहून बारीक नेत्रिका न घेता हलणार नाही अशी भक्कम तिवई घ्यावी.