लिंबापासून ओढ्यापर्यंत

२०२१ च्या डिसेंबरात आमच्या डाळिंबाच्या बागेत चोरी झाली. मृग बहाराची फळं, चार दिवसांवर तोडणी आली होती. सकाळी बघतो तर पूर्वेकडच्या दोन ओळी खालच्या अंगानं मोकळ्या. चोर घाईत होते, देठासकट फांद्या ओरबाडल्या होत्या. माग नानांच्या पडीक रानातून आला होता. तिथं कुंपणाचे लाकडी खांब वाळवीनं खाल्लेले, तार लोळत पडलेली.

नाना म्हणजे आमचे बांधाचे शेजारी. भाऊबंद नाहीत, पण तीन पिढ्यांचा बांध एक आहे. वहिवाट अशी की, विहिरीपासून लिंबापर्यंत कुंपण आमच्याकडं आणि लिंबापासून ओढ्यापर्यंत नानांकडं. ही कुठं लिहिलेली नाही. आमच्या आज्यानं आणि नानांच्या वडिलांनी ठरवली, ती चालत आली.

मी तावातावानं गेलो. नाना ओसरीवर बसले होते. म्हणाले, "बाग तुझी. माझं रान पड. पोरगं चिंचवडला. मी कुनासाठी खांब रोवू?" मला राग आला, पण रस्त्यानं परत येताना त्यांच्या बोलण्यात चूक सापडेना.

हा कुंपणाचा व्यवहार मुळात कसा आला, ते सांगतो. आमचा तालुका इंदापूर. जमीनमोजणीच्या इतिहासात त्याचं नाव पहिल्या पानावर आहे. इंग्रजांनी पेशवाई घेतल्यावर प्रिंगल नावाच्या साहेबानं पुणे जिल्ह्यात मोजणी करून सारा बसवला. हिशेब कागदावर नीट, पण जमिनीला तो झेपणारा नव्हता. त्यात खालच्या कारकुनांनी खाल्लं ते वेगळंच. लोकांनी रानं टाकली, काही गाव सोडून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोघं आले आणि १८३६ पासून इंदापुरात नवा, हलका सारा सुरू झाला, तोही तीस वर्षं न वाढवण्याच्या बोलीवर. तेहतीस फुटी साखळी रानारानातून ओढली गेली. साखळीचे आणे सोळा, आणि साखळीनं चौरस केला की गुंठा. प्रत्येक शेताला नंबर पडला. आमच्याकडची म्हातारी माणसं आजही "खालच्या नंबरात ज्वारी हाय" असंच म्हणतात. नंबराच्या कोपऱ्याला दगड रोवायचे, मातीचे बुरूज घालायचे, मधे बांध राखायचा. पुढं एकत्रीकरणात नंबरांचे गट झाले, तरी आमच्या आणि नानांच्या मधली हद्द जुन्या नंबराचीच राहिली.

त्याआधी हद्द माणसांच्या तोंडात होती. शिवेचं भांडण लागलं की महार वतनदाराची साक्ष काढत, कारण शिव त्याला पाठ असे. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची, त्याचं घर मात्र गावानं वेशीच्या बाहेर ठेवलं. हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. राखणीला रामोशी असे, त्याला धान्यातून वाटा मिळे. ही गावकीची वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. पाठ असलेली शिवही त्या माणसांबरोबर गेली.

दगडानं हद्द दाखवली, पण जनावराला दगड वाचता येत नाही. म्हणून कुंपण. माझ्या लहानपणी ते बाभळीच्या काट्यांचं असे. खाली घायपात आणि निवडुंग लावलेला, वर दर वर्षी नवी काटी. सुगीच्या आधी दोन्ही घरं मिळून काटी तोडायची. नाना बेळक्यानं फेस दाबायचे, मी ओढून आणून द्यायचो. त्यांची आई दोन्ही घरांची भाकरी आणायची. कुणाचं जनावर घुसलंच तर कोंडवाडा होता. त्याचा कायदा १८७१ चा. पण शेजाऱ्याचं जनावर कोंडवाड्यात घालणं म्हणजे बोलणं तोडणं, म्हणून शक्यतो हाकलून देत. चोरीची भीती नव्हती असं नाही. माळ्यावर बसून राखण असायची. पण तुमचीही ज्वारी, माझीही ज्वारी, कणसं दोघांची सारखीच मोडायची. त्यामुळं काटी दोघांची होती.

१९९८ ला आम्ही डाळिंब लावलं आणि काटेरी तार आली. नानांनी त्यांच्या वाट्याला लाकडी खांब रोवले, तेवढीच त्यांची ऐपत. आता एकीकडं लाखांचं फळ, एकीकडं कुसळं.

मुलगा म्हणाला, "अण्णा, तारेत करंट सोडू." मी सरळ नाही म्हणालो. लाईन थेट तारेत सोडली की चोरच मरेल असं नाही. पहाटे बकऱ्या घेऊन जाणारं पोरगंही मरेल, आणि आपण तुरुंगात. झटका मशीन वेगळी, ती तडाखा देते आणि सोडते. ती नंतर बघू म्हणालो. तलाठ्याला विचारलं. तो म्हणाला, हद्दीच्या निशाण्या जपणं खातेदाराचं काम, कुंपणाचं तुम्ही दोघं बघा.

शेवटी नानांचा वाटाही मीच सिमेंटच्या खांबांनी करायचा ठरवला. नाना म्हणाले, "कर. खड्डे काढताना मला हाक मार."

तिसऱ्याच खड्ड्याजवळ, घायपाताच्या बुडाशी पहार खणकन वाजली. नाना वाकले, हातानं माती सारली. घडीव दगड होता. हद्दीचा. आणि तो जुन्या कुंपणाच्या आत निघाला, आमच्या बाजूला, पुरा दीड हात.

कुणी काही बोललं नाही. मला माझे वडील आठवले. पेरणीआधी नांगर धरताना ते म्हणायचे, "बांधाला घासून ने." मी घासून नेला आहे. एका वर्षात चार बोटं, फार तर. बांध झिजत झिजत त्या बाजूला सरकला आणि नानांनी उरलेल्या बांधावर खांब रोवले. चोरीचा जाब विचारायला मीच गेलो होतो.

मुलगा हळूच म्हणाला, "दीड हात आत घेतलं तर शेवटच्या ओळीजवळ फवारणीचा ट्रॅक्टर जात नाही." खरं होतं. नाना ऐकत होते. त्यांनी दगडावर पाय ठेवला आणि म्हणाले, "खांब हितंच लाव. ट्रॅक्टर माज्या रानातनं वळीव. तेवढं फाटक ठेव."

दोन दिवस मी झोपलो नाही. मग दगडाच्या रेषेत दोरी धरली. लिंबापासून ओढ्यापर्यंत चौतीस खांब लागले. त्या तुकड्यात शेवटच्या ओळीची नऊ झाडं काढावी लागली, मुलगा अजून बोलून दाखवतो. दगडाला चुना लावला, तो दर दिवाळीला लावतो. नानांच्या रानात आता आमची मका असते, निम्म्या वाट्यानं.

फाटक लोखंडी आहे. कुलूप एक, किल्ल्या दोन. एक आमच्या घरात खुंटीला, दुसरी नानांच्या करदोट्याला. फवारणीच्या दिवशी आधी तेच येऊन उघडून बसतात, आणि ट्रॅक्टर वळला की पोराला ओरडून सांगतात, "दगड संबाळ रं."